सारजाबाईची कवडी

निजाम गेला, रझाकार गेले. भानामती मात्र गंगापूरकडची गावं सोडायला तयार नव्हती! त्यातल्याच एका गावात तात्यासाहेबांची सून कुत्र्यासारखी भुंकायला लागली. तिला दवाखान्यात न्यायचं सोडून तात्यासाहेबांनी कडूबा महाराज आणला, करणी करणारी बाई हुडकायला. पारावर अख्खं गाव लोटलं. शाळेत शिकवणाऱ्या नजमाबाई मागं उभ्या राहून दातओठ खात होत्या.

बायांपुढं काचेचे पेले मांडलेले. महाराज प्रत्येकीच्या पेल्यात आधी गंगेचं पाणी ओतायचा, मग चिनी मातीच्या बरणीतलं घोटभर तीर्थ, आणि वरून कवडी सोडायचा.

"उकळली तर पापीण! नाय उकळली तर सती!"

कवड्या गपगार. शेवटी गावची सुईण, विधवा सारजाबाई पुढं आली.

"हिला गंगा नको, विटाळंल! नुसतं तीर्थ!"

तिची कवडी पडली आणि भस्सकन फेस काठावर आला.

"हीच ती! हाकला गावाबाहेर!" गाव खवळलं. पुंजारामनं तर दगडच उचलला. सारजाबाईला बोलायलाही कुणी देईना.

नजमाबाई गर्दीत घुसल्या. "थांबा! आवडाबाई, तुमच्या पेल्यात नीट बघा."

कवडीवर बारीक बुडबुडे धरले होते. एकेकीनं वाकून बघितलं. सगळ्यांच्याच पेल्यांत तेच.

"आगं बया! मंग मीबी पापीण व्हय?" आवडाबाई किंचाळली.

"पापीण कसली डोंबलाची! बरणीत तेजाब आहे, ॲसिड! कवडी म्हणजे चुनाच, तेजाब तिला खातो. पाण्यानं तो पातळ झाला की कवडीला थोडा थोडा भिडतो, म्हणून सावकाश खातो. नुसता असला की सगळ्या बाजूंनी तुटून पडतो. तुम्ही आत्ता हिच्यावर पडलात तसा!"

"भस्म होशील!" महाराज गुरकावला.

"होऊ द्या." बाईंनी त्याच्या माळेच्या दोन कवड्या तोडल्या. एक पाणी घातलेल्या तीर्थात टाकली, ती गप्प. दुसरी नुसत्या तीर्थात टाकली, तर फेस उतू गेला.

"घ्या! करणी महाराजांचीच निघाली!"

महाराज धोतर सावरत एसटीच्या रस्त्याला लागला.

"तात्यासाहेब, सुनेला आजच दवाखान्यात न्या," नजमाबाई म्हणाल्या. "आणि तुम्ही सगळे! एकीला पाणी घातलं नाही, हे डोळ्यांनी बघितलंत. 'का' म्हणून विचारायला काय पैसे पडत होते?"

सारजाबाई पुंजारामपुढं जाऊन उभी राहिली. दगड अजून त्याच्या हातातच होता.

"तुझी नाळ म्याच कापली रं," ती म्हणाली. "तवा तुझ्या मायनं कवडी टाकून नव्हतं बघितलं."