वसरामचीच कढई

वसरामने हळद शिजवायच्या कढईत पाण्याची पाचवी घागर ओतली आणि खाली चुलीतला जाळ चरचरत विझला. फाटक्या तळावर वसमतला नेऊन मारून आणलेला जोड एका तापात सुटला होता. खणून काढलेल्या हळदीचा ढीग शेजारी तसाच पडून होता. आठ-दहा दिवसांत शिजवली नाही तर ती सडणार, आणि ऐन हंगामात रिकामी कढई कोण देतो? तांड्यावरच्या माणसाची एक एकर हळद, वर्षभराची तेवढीच मिळकत.

"लई झालं आता," तो बायकोला, पारुबाईला म्हणाला आणि पागोटं गुंडाळत गावात निघाला.

भाद्रपदात ओढ्याला पूर आला तेव्हा गावातल्या भीमराजची बायको ज्योती बाळंतपणात अडली होती. कुरुंद्याच्या दवाखान्यात न्यायचं तर रस्ता पाण्याखाली, होडी नाही. भीमराजने वसरामच्या शेतातल्या खोपीचं कुलूप तोडलं, माणूस मावेल एवढी ही कढई काढली, ज्योतीला तीत बसवलं आणि चौघांनी कढईचे काठ धरून पोहत तिला पलीकडे नेलं. बाई वाचली, लेकरू वाचलं. कढई मात्र खडकावर आदळून तळाला फाटली. गावाने भीमराजला शाल-नारळ दिला. वसरामला कुणी तोंडदेखलंसुद्धा विचारलं नाही. त्याने दोनदा विषय काढला तर लोक त्यालाच हसले, लोखंडासाठी रडतो म्हणाले. ह्यांच्या घरचं एक वाडगं फुटलं असतं तर समजलं असतं.

सरपंचांच्या ओट्यावर चार माणसं बसली होती. वसरामने गाऱ्हाणं मांडलं तसं भीमराजलाही बोलावून आणलं. सरपंच सुपारी कातरत म्हणाले,

"वसराम, जीव मोठा का कढई? अडचणीत माणूस हाताला लागंल ते घेणारच. त्याचं काय घेऊन बसलास?"

"घेतली त्याचं म्हणत न्हाई मी. मला हाक मारली असती तर मीच काढून दिली असती, पाण्यात बी उतरलो असतो. पण फुटली ती माझी. तिची तकलीफ मी एकट्यानं काहून सोसायची?"

"गरज होती ना बाबा."

"मंग एक सांगा." वसरामचा आवाज चढला. "तुमच्या दोन कढया ओढ्याकाठच्या शेडात पालथ्या होत्या. शेडाला दार बी न्हाई. माझी अर्ध्या कोसावर, कुलपात. मंग माझीच काहून?"

सरपंचांचा अडकित्ता थांबला. ओट्यावरच्या माणसांनी इकडेतिकडे पाहिलं.

"भीमराज, तू सांग," वसराम म्हणाला.

भीमराज पायाच्या अंगठ्याने माती उकरत होता. त्याने मान वर केली नाही.

"आधी तिथंच गेलतो, काका. ज्योती वरडून राहिली व्हती. कढईला हात लावला अन् मागं घेतला. मालकाची वस्तू, उद्या काय व्हईल म्हणलं. मंग तुमच्या खोपीकडं पळालो. तुमी तांड्यावरचे, काय वाकडं करणार न्हाई, ते ठाव व्हतं."

वसरामच्या डोक्यात तिडीक गेली. तोंडावर आलेली शिवी त्याने गिळली, कारण पोरगं खरं बोललं होतं.

"झालं गेलं सोडा," सरपंच म्हणाले. "जीव वाचला हे बघा."

वसराम उठून तांड्याकडे निघाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तांड्याच्या वाटेवर बैलगाडी खडखडत आली. गाडीत सरपंचांच्या शेडातली रिकामी कढई होती, आणि पुढे भीमराज.

"सरपंचायला विचारलं का?" वसरामने विचारलं.

"सांगितलं. विचारलं न्हाई." भीमराजने कासरा ओढून बैल थांबवले. "काकाला गरज हाय म्हणलं. हळद शिजली की आणून देतो. फुटली तर भरून देतो."

"काय म्हणले?"

"काय म्हणतेत. ओट्यावर कालचीच चार माणसं बसली व्हती." त्याने खाली पाहिलं. "अन् तुमची बी भरून देतो, काका. एकदम न्हाई जमायचं."

वसरामने कढईच्या तळावर बोटं आपटून आवाज ऐकला. पत्रा जाड होता. मग त्याने एका बाजूची कडी धरली.

"उतर मंग," तो म्हणाला. "लाव हात."