छपरावरची टकटक

बेसबॉलचा चेंडू उजव्या कुंपणापलीकडे, धान्याच्या उंच कोठारांच्या सावलीत कुठेतरी जाऊन पडला होता आणि तिसऱ्या बेसच्या बाजूची प्रेक्षकांची ती रांग अशी बसली होती, की जणू तो पडल्याचा आवाज कानी आल्याशिवाय त्यावर विश्वासच ठेवायचा नाही असं त्यांनी ठरवलं होतं. पाहुण्या संघाचा बॅटर सावकाश एकेका बेसला पाय लावत धाव पुरी करत होता. मैदानाच्या मधोमध, चेंडू फेकायच्या मातीच्या त्या छोट्याशा उंचवट्यावर ट्रेंट माबरी पाठमोरा उभा होता. त्याच्यापलीकडे नदी होती, नदीत कोळशाचे तराफे ढकलत नेणारी एक बोट होती, आणि संध्याकाळ कुणाचीही बाजू न घेता पाण्यावर उतरत होती.

आर्लीन हॉफमायरच्या मांडीवर सूर्यफुलाच्या बियांची पुडी उघडीच राहिली. ट्रेंट मे महिन्यापासून तिच्या घरातल्या मागच्या खोलीत, तिच्या लेकीच्या जुन्या पलंगावर झोपत होता. बार्जमेन या गावच्या संघाकडे खेळाडूंना भाड्याची घरं देण्याइतकी ऐपत कधीच नव्हती. गावच त्यांना उन्हाळ्यापुरतं वाटून घेई. कुणाकडे कॅचर, कुणाकडे दोन आउटफिल्डर. आर्लीनकडे अलाबामाचा हा लांबट हातांचा पिचर आला, शेवटच्या डावांत येऊन हातातला सामना राखायचं ज्याचं काम. गेल्या तीन आठवड्यांत त्याने एकही राखला नव्हता.

"हात गेलाय त्याचा," शेवटी रॉझ टटल म्हणाली. ती शाळेची बस चालवायची आणि बसमधल्या शेवटच्या बाकापर्यंत पोचणाऱ्या आवाजातच सगळीकडे बोलायची. "खांदा बघ. जूनमध्ये असा लोंबत होता का?"

"खांद्याला काय धाड भरलीय? डोकं गेलंय," वेन्डेल म्हणाला. सारी हयात नदीच्या बंधाऱ्यावर दरवाजे उघडण्या-मिटण्यात घालवलेला तो म्हातारा पहिल्या रांगेत बसे. त्याचे गुडघे पाहुण्या खेळाडूंच्या बसायच्या जागेच्या, म्हणजे डगआउटच्या, पत्र्याच्या छपराला टेकलेले असत. "एकदा का पिचर विचार करायला लागला ना, संपला. विचार करणं आपल्यासारख्यांचं काम."

"तू कधी केलास रे?"

"बंधाऱ्यावर एकदा केला होता. बोट अडकली."

रांग हसली, पण ते हसू अर्ध्यातच विरलं. सोमवारी मॅनेजर कुणाला तरी संघातून काढून घरी पाठवणार, हे पेट्रोल पंपावरच्या पोरीपासून पाद्र्यापर्यंत सगळ्यांना ठाऊक होतं, आणि तो कुणीतरी कोण हे विचारायची कुणालाच गरज नव्हती.

पुढचा बॅटर आला. ट्रेंट वळला, छातीपाशी हातमोजा धरून तिसऱ्या बेसकडे, म्हणजे थेट त्यांच्या रांगेकडे तोंड करून क्षणभर थांबला. हातमोज्याचं तोंड किंचित उघडलं. वेन्डेलने सवयीने बोटातली अंगठी पत्र्यावर दोनदा वाजवली. टक, टक. आणि आर्लीनला, या उन्हाळ्यात पहिल्यांदाच, त्या टकटकीच्या मागोमाग छपराखालून एक बारीक शीळ ऐकू आली. बॅटर घाई न करता थांबून राहिला, चेंडू वळून खाली येईपर्यंत थांबला, आणि त्याने तो मोकळ्या गवतावर मारला.

बियांची पुडी तिच्या मांडीवरून घसरली.

ती टकटक तिचीच होती. मे महिन्यात एका सकाळी अंगणात कपडे वाळत घालताना तिने ट्रेंटला गॅरेजच्या भिंतीशी टेकवलेल्या जुन्या गादीवर चेंडू फेकताना पाहिलं होतं. सरळ वेगवान चेंडूच्या वेळी हातमोजा मिटलेला. वळणाऱ्या चेंडूच्या आधी मात्र आत बोटं पकड शोधत असताना तो पाखराच्या पिल्लाच्या चोचीसारखा उघडायचा. इतकी लहानशी गोष्ट, आणि ती जगात फक्त आपल्याला ठाऊक आहे, या सुखाने तिचा तो सारा दिवस उजळला होता. त्याच संध्याकाळी तिने ती रांगेत सांगून टाकली. तेव्हापासून हा खेळ: हातमोजा उघडला, की वेन्डेलने अंगठी वाजवायची, चेंडू वळला, की साऱ्यांनी एकमेकांकडे पाहून मान डोलवायची. आपल्या घरच्या माणसाच्या मनातलं त्याच्याआधी ओळखावं, तसा.

आता पुन्हा हातमोजा उघडला. टक, टक. शीळ. पुन्हा चेंडू गवतावर.

सामना हरल्यावर गाड्यांपाशी तिने रॉझ आणि वेन्डेलला सांगितलं: टकटक ऐकून खालचे शीळ घालतात, आणि चेंडू वळणार हे बॅटरला आधीच कळतं. रॉझ लगेच म्हणाली, "आर्लीन, ते काय आंधळे आहेत? हातमोजा आपल्याला दिसतो तसा त्यांनाही दिसतो. ते आपल्याखालीच तर बसतात."

"खाली बसतात म्हणूनच सांगतेय. शीळ टकटकीच्या मागून येते."

"कधी मागून, कधी आधी. मी पण कान दिलाय," वेन्डेल म्हणाला. पण त्याने अंगठीकडे अशा नजरेने पाहिलं, की जणू ती कुणी दुसऱ्यानेच त्याच्या बोटात घातली होती. "म्हणजे मी या लोखंडाच्या तुकड्याने पोराला बुडवला, असं म्हणायचंय तुला?"

"मला काहीच म्हणायचं नाहीये. मला कळत नाहीये."

"मग त्यालाच सांग ना," रॉझ म्हणाली. "म्हणावं, बाबा रे, हातमोजा मीट."

"घरात खेळाचा विषय काढायचा नाही."

तो नियम होता. संघाच्या कचेरीतल्या बाईंनी पहिल्याच दिवशी तो प्रत्येक घराला सांगितलेला असे: जेवायला घाला, अंथरूण द्या, कपडे धुऊन द्या, पण दाराच्या आत चेंडूचा उच्चार करू नका, मैदानावर मुलांना बोलणारे पुष्कळ असतात.

"मग दाराबाहेर सांग. पायरीवर सांग," रॉझ म्हणाली. "नियम काय पायरीपर्यंत येतो?"

आर्लीन गाडीत बसली. गाडी चालवताना तिच्या मनात जे होतं ते नियमाहून जुनं आणि नियमाहून ओशाळवाणं होतं. सांगितलं आणि तो सुधारला, तर ऑगस्टच्या आत एखादा मोठा संघ त्याला उचलून नेईल. सांगितलं आणि तो प्रत्येक चेंडूआधी हातमोज्याकडेच पाहत राहिला, तर सोमवारची घरची बस. न सांगितलं तरी सोमवारची बस. मागच्या खोलीतला दिवा पेटता राहण्यासाठी त्याने जरासं वाईट, फक्त जरासंच वाईट खेळत राहायला हवं होतं. आणि मे महिन्यापासून तो अगदी तसाच तर खेळत आला होता. आपण नियम पाळला, की नियमाच्या आडोशाला उभ्या राहिलो? हा प्रश्न तिला प्रश्नासारखा वाटेना. तो धुक्यात ऐकू येणाऱ्या बोटीच्या भोंग्यासारखा होता: आवाज आहे, दिशा नाही.

जेवताना ट्रेंटने मक्याची दोन कणसं एकेक ओळ मोजल्यासारखी सावकाश खाल्ली. "मका गोड आहे, मिस आर्लीन."

"अजून घे."

"नको. पोट भरलं."

तो उठला, ताट विसळून ठेवलं, आणि जाता जाता स्वयंपाकघराच्या दारात थांबला. "तुम्ही उद्या येणार ना?"

"न यायला काय झालं? माझी जागा दुसरं कोण बसून गरम करणार?"

तो हसला. सांगायचं असतं, तर ती वेळ तेव्हाच होती. त्याची पाठ बोळात दिसेनाशी होईपर्यंत ती ओलं फडकं हातात धरून उभी राहिली.

रविवारी दुपारी ऊन पत्र्यावर असं तापलं होतं, की छपराला हात लावणं शक्य नव्हतं. वेन्डेलने अंगठी काढून शर्टाच्या खिशात टाकली आणि खिशाचं बटण लावलं. "घ्या. म्हातारा आज मुका," तो म्हणाला आणि त्यानंतर खरोखरच मुका झाला. शेवटच्या, नवव्या डावात, एका धावेची आघाडी घेऊन बार्जमेन पुढे असताना, ट्रेंट धावत उंचवट्यावर आला. तिसऱ्या बेसची रांग हात मांडीवर घेऊन, चर्चमध्ये बसावी तशी बसली.

पहिला बॅटर तीन चेंडूंत बाद होऊन हात हलवत परत गेला. रॉझने आर्लीनचं मनगट दाबलं. मग ट्रेंटने तिसऱ्या बेसकडे पाहिलं. पाहिलं, आणि नेहमीपेक्षा जास्त वेळ पाहत राहिला. पुढच्या दोघांना त्याने बॅट हलवायची तसदीही दिली नाही. चेंडू इतके लांबून गेले, की खेळाच्या नियमाने दोघांनाही एकेक बेस फुकट मिळाला. चौथ्याने मारलेला चेंडू कुंपणाला पाठ टेकलेल्या खेळाडूने झेलला. पाचव्याचा सरपटत सरळ हातात आला. एवढ्यात एकदा शीळ वाजली होती. टकटक नव्हती, शीळ मात्र होती. की ती मागे कुणीतरी कुत्र्याला घातली होती? आर्लीनने रॉझकडे पाहिलं. रॉझने खांदे उडवले.

सामना वाचला. वाचला याचा अर्थ काय, यावर मात्र रांगेत एकमत होईना.

"गप्प बसल्याने झालं," रॉझ म्हणाली. "सरळ आहे."

"मग त्या दोघांना फुकट बेस कुणी दिले? ते पण गप्प बसल्यानेच?" वेन्डेल खिशाचं बटण काढत म्हणाला. "कुंपणाने वाचवलं त्याला. कुंपणाला थँक्यू म्हण."

खेळाडू बाहेर पडायचे त्या जाळीच्या फाटकाशी आर्लीन थांबली. ट्रेंट आला तेव्हा त्याच्या खांद्यावर बर्फाची पिशवी बांधलेली होती आणि हातमोजा काखेत होता. तिच्यासमोर तो थांबला, पण हसला नाही.

"मिस आर्लीन, आज टकटक का नव्हती?"

"तुला ऐकू येते ती?"

"रोज. ती आली की मला बरं वाटायचं. आपली माणसं बसलीत, असं वाटायचं. आज एकदम बंद. मला वाटलं, तुम्ही सगळ्यांनी माझा नाद सोडला." त्याने जाळीला बोटं अडकवली. "मग त्या दोघांच्या वेळी मी त्याचाच विचार करत होतो. टकटक नेमकी कधी यायची याचा. ती कायम वळणाऱ्या चेंडूआधीच यायची. म्हाताऱ्याला आधीच कसं कळायचं?"

काय सांगावं हे तिला ठाऊक होतं. कुठून सुरुवात करावी हे मात्र नव्हतं. तिने जाळीतून बोट घालून त्याच्या काखेतल्या हातमोज्याला स्पर्श केला.

"हा उघडतो," ती म्हणाली. "वळवणार असलास की जरासा उघडतो. पाहुण्यांनाही कळत असावं. टकटकीनं कळतं की तसंच, ते मला नक्की सांगता येत नाही."

त्याने हातमोजा काढून हातात चढवला, छातीपाशी नेला, मिटला, उघडला. पुन्हा मिटला. एखाद्या परक्या माणसाचा हात तपासावा तसा.

"हे वेन्डेलच्या लक्षात आलं?"

"नाही. माझ्या."

"कधी?"

नदीवरून भोंगा वाजला. तिला वाटलं, तो थांबेपर्यंत तरी बोलावं लागणार नाही; पण तो थांबला.

"मे महिन्यात. गॅरेजपाशी."

"मे महिन्यात," तो म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता. असता तर तिला काहीतरी धरायला मिळालं असतं. "आणि तुम्ही रांगेतल्यांना सांगितलंत."

"घरात तो विषय काढायचा नाही असं..." ती थांबली. वाक्य खरं होतं, आणि तरीही पुढे नेण्यासारखं नव्हतं. "ट्रेंट, तू गेलेला मला नको होतास. चांगला खेळून नाही, वाईट खेळूनही नाही. यातलं काय आधी होतं आणि काय नंतर, ते माझं मलाच सापडत नाहीये."

त्याच्या खांद्यावरून वितळलेल्या बर्फाचं पाणी कोपरापर्यंत आलं होतं.

"रात्री डुकराच्या मांसाचे काप तळणार आहे," ती म्हणाली. "मागचं दार उघडं ठेवते. येशील ना?"

ट्रेंटने हातमोजा काढला, तो मिटलेला राहावा म्हणून त्यात चेंडू दाबून बसवला, आणि "आधी हे मॅनेजरला सांगतो," म्हणत वळून त्याच्या खोलीच्या दिशेने सिमेंटच्या वाटेवरून चालू लागला. त्याच्या बुटांचे खिळे वाजत गेले, दार लागेपर्यंत.