कानबाईची गाणी

चाळीसगावला जुना मोबाईल देऊन दीपमालाने नवा घेतला, चकचकीत, पिसासारखा हलका. श्रावणातल्या कानबाईच्या सणाला देवीच्या नैवेद्याच्या रोटांचे गहू दळायला ती जात्याशी बसली आणि तिला एकदम आठवलं. लकव्याने वाचा गेलेल्या सासूबाईंची, कमलबाईंची, त्यांच्याच आवाजातली गाणी त्या जुन्या मोबाईलमध्येच होती. दळताना दरवर्षी तीच लागायची. तिने दुकानदाराला फोन लावला.

"ताई, आतलं सगळं पुसलं की!"

दळायला आलेल्या शेजारच्या अक्का हसल्या, "काय वं, मोबाईलबिगर तुन्हं तोंड उघडाव नही का?"

दीपमालाने खुंटा धरला. जात्याची घरघर सुरू झाली आणि त्या घरघरीवर तिच्याच ओठांतून शब्द उमटले,

"कानबाई माय उनी वं, ओसरीमा चांदनं पडनं…"

मग एकामागून एक गाणी येत गेली. ऐकता ऐकता ती कधी अंगात मुरली, तिलाच कळलं नव्हतं. भिंतीला टेकलेल्या कमलबाईंनी चांगल्या हाताने मांडीवर ठेका धरला. एके ठिकाणी दीपमाला शब्द चुकली, तसा तो हात थबकला.

"चुकनू का, माय?" दीपमाला हसली. तिने ओळ सुधारून पुन्हा म्हटली आणि कमलबाईंचा ठेका पुन्हा सुरू झाला.