रांग चुकवायची दुर्बीण

मित्रांनो, दुर्बीण म्हटले की तुम्हाला चंद्र-तारे आठवतील, नाहीतर लढाई. मी त्यातली नव्हे. रशियातल्या कामा नदीकाठच्या आमच्या शहरात बॅलेचे मोठे नाट्यगृह आहे. तिथल्या कोट ठेवायच्या खोलीत खुंटीला लटकणारी मी एक म्हातारी दुर्बीण. माझा जन्म दुसऱ्या महायुद्धानंतरचा. ज्या हातांनी तोफांच्या नेमासाठी काचा घासल्या, त्यांनीच मला घडवले. अंगावर शिंपल्यासारखे चकचकीत कवच होते. लांबची नर्तकी हाताच्या अंतरावर आणायची, हे माझे काम, आणि मला त्याचा भारी अभिमान होता. तो पहिल्याच हिवाळ्यात उतरला.

आमच्याकडे एक रिवाज आहे. खेळ संपला की माणसे कोटांसाठी लांबलचक रांगेत उभी राहतात. पण ज्याने दुर्बीण भाड्याने घेतली असेल, त्याने ती परत करायची आणि रांगेशिवाय कोट घ्यायचा. झाले! लोक मला कोटासाठीच घेऊ लागले. संध्याकाळभर मी कुणाच्या मांडीवर, कुणाच्या खिशात सफरचंदाशेजारी पडून राही. पडदा पुरता पडायच्या आत मला मुठीत धरून ते जिना उतरत सुटत. गरज सरो, वैद्य मरो!

मला मनापासून डोळ्यांना लावणारी एकच बाई होती, कपितोलिना अर्काद्येव्हना. सगळे तिला कापा म्हणत. टेलिफोन केंद्रात नोकरी करायची, एकटी राहायची, आणि पगारातले जे उरेल ते गॅलरीच्या तिकिटांत घालायची. आली की बर्फाने भिजलेले फेल्टचे बूट काढी, पिशवीतले काळे बूट घाली आणि कोट सांभाळणाऱ्या फाइनाला म्हणे, "माझी दे गं, कडेला चरा पडलेली." ती चरा पडलेली मीच.

गंमत म्हणजे कापाने रांग कधीच चुकवली नाही. मला परत करी आणि गुपचूप शेवटी जाऊन उभी राही.

"अगं पुढे ये ना!" फाइना ओरडे. "दुर्बीण घेतलीस कशाला मग?"

"बघायला! कोटाला काय पाय फुटलेत पळून जायला?"

खरे कारण वेगळे होते. त्या रांगेत तिला बोलायला मिळे. युद्धात लेनिनग्राडची बॅले मंडळी आमच्या शहरात येऊन राहिली होती, तेव्हा कापा लहान होती. थंडीने नर्तकींच्या तोंडातून वाफ निघायची आणि ते परीकथेतले धुके आहे असे तिला वाटायचे, हे ती दर हिवाळ्यात सांगे. ताश्कंदच्या मंडळींची एक नायिका होती, तिचे हात नाच थांबल्यावरही थोडा वेळ नाचत राहत. मॉस्कोच्या मंडळींनी शिकारीच्या प्रसंगाला खराखुरा कुत्रा आणला होता. तो प्रेक्षकांकडे तोंड करून बसला तो उठेचना, आणि राजपुत्राने त्याला ओढत आत नेले. रांग हसून हसून लोळे. कोट मिळालेली माणसेसुद्धा टोपी हातात धरून ऐकत थांबत. त्या रांगेत कापाच नायिका होती.

तिचा जीव मात्र अग्निया लोझकिनावर जडला होता. अग्नियाला तिने पहिल्यांदा बॅले शाळेच्या परीक्षेच्या नाचात पाहिले, ते माझ्यातूनच. पुढे अग्निया आमच्या नाट्यगृहाची नायिका झाली, आणि तिच्या गाजलेल्या बॅलेच्या तिसऱ्या अंकात ती एक उडी घेई. हवेत असताना मान मागे वळवी, जणू कुणी हाक मारली आहे. त्या क्षणी कापाच्या पापण्या माझ्या काचांना टेकत, आणि मला आपल्या जन्माचे सार्थक वाटे.

मग बऱ्याच वर्षांनी, काय झाले कोण जाणे, एके दिवशी कापाने मला तक्रारीसकट परत केले. "फाइना, काचा पुसतेस की नाही? मधोमध डाग आहे!"

फाइनाने मला उजेडात धरले. डाग नव्हता. कापाने दुसरी दुर्बीण घेतली, पुढच्या खेपेला तिसरी. सगळ्यांत मधोमध डाग.

"नाचता येईना अंगण वाकडं, तशी गत झालीय तुझी," फाइना चेष्टेने म्हणाली. कापा हसली नाही. तेव्हा फाइनाचा चेहरा पडला. डाग काचेत नव्हता, कापाच्या डोळ्यांत होता. डॉक्टरांनी हात टेकले. कडेकडेचे अंधुक दिसत राहील, मधले गेले ते गेले.

अशात अग्नियाचा निरोपाचा खेळ जाहीर झाला. कापा आली, काळे बूट घातले. "माझी दे गं," म्हणाली. त्या संध्याकाळी तिने मला क्षणभरही खाली ठेवले नाही. मी जीव तोडून अग्निया जवळ आणत होते. तिच्या मानेवरच्या सुरकुत्यासुद्धा मी आणल्या. पण पलीकडे घेणारे कुणी नव्हते.

तिसरा अंक आला. संगीत उडीपाशी पोचले, सभागृहाने श्वास रोखला आणि मग टाळ्यांचा कडकडाट झाला. माझ्या काचा ओल्या झाल्या.

शेजारची तरुण मुलगी डोळे पुसत म्हणाली, "आजी, काय केलं हो तिनं!"

"ती उडी बघितलीस ना?" कापा रांगेतल्या जुन्या थाटात सुरू झाली. "मान कशी वळवली! एवढ्या वर्षांत तसूभर फरक नाही."

मुलगी गोंधळली. "पण आजी, तिनं उडी घेतलीच नाही. गुडघे दुखतात म्हणे तिचे. ती तिथं थांबली आणि हात पुढे करून नुसती चालत गेली. तुम्ही दुर्बिणीतून बघत होतात ना?"

कापाने मला हळूच मांडीवर ठेवले.

"छे गं," ती म्हणाली. "ही मी कोटासाठी घेते. रांग चुकते."

खाली आल्यावर ती कठडा चाचपत सरळ पुढे आली. रांगेतल्या जुन्या माणसांनी "कापा, इकडे!" म्हणून हाका मारल्या. तिने मान वळवली नाही. मला ठेवले, पहिल्यांदाच रांगेशिवाय कोट घेतला आणि बर्फात निघून गेली. ती परत कधी आली नाही.

मित्रांनो, डोळे आहेत तोवर बघून घ्या, असे मी सांगायला हवे. पण कापाने जन्मभर बघितलेच होते. तिचे कुठे काय चुकले? म्हणून एवढेच मागते. रांगेत एखादी म्हातारी जुने काही सांगत असेल, तर तिचे चुकले तरी चुकू द्या. आमच्याकडे अजून रोज रांग लागते. आता त्या रांगेत कुणी बोलत नाही.