बुचामागचा सूर्य

मी एका गॅरेजचा जुना दरवाजा आहे. मित्रांनो, हसू नका. किल्ल्याचा किंवा राजवाड्याचा दरवाजा आपलं आयुष्य सांगायला लागला की सगळे माना डोलावतात. गॅरेजच्या दरवाजाचं कोण ऐकणार? पण मी जे पाहिलंय ते किल्ल्याच्या दरवाजाच्या बापजन्मातही घडलं नसेल, हे मी छातीठोकपणे सांगतो. माझी छाती पत्र्याची आहे, ठोकली की आवाजही छान येतो.

माझा जन्म कारखान्यातल्या पत्र्याच्या एका भल्यामोठ्या गुंडाळीतून झाला. मला कापलं, वाकवलं, पांढरा रंग दिला. चार आडवे तुकडे बिजागऱ्यांनी जोडले आणि कडांना छोटी चाकं लावली. ती चाकं रुळांत बसवली, की मी सरळ वर चढतो आणि छताखाली आडवा पडतो. भरदिवसा लोळत पडणं हेच ज्याचं काम आहे, असा दुसरा दरवाजा दाखवा बरं.

या घरी बसवलं तेव्हा माझा काय थाट होता! गल्लीतली पोरं मला बघायला यायची. घरातली लेक भिंगरी तेव्हा नुकती चालायला लागली होती. मी वर गेलो की ती छताकडे बोट दाखवून म्हणायची, "दाल गाई कलतंय." भिंगरीचे बाबा एका बोटाने बटण दाबायचे, मोटर घुं घुं करायची आणि मी ऐटीत वर. मला वाटायचं, सगळी करामत माझी आणि मोटरची. माझ्या डोक्यावरच्या दांड्याभोवती एक जाडजूड स्प्रिंग गुंडाळलेली होती. ती कधी बोलली नाही, म्हणून मीही तिची कधी चौकशी केली नाही.

मग माझ्या छातीला भोक पडलं. बाबांच्या डोक्यात आलं, की सायकल दरवाजालाच आतून टांगावी, म्हणजे जागा वाचेल. त्यांनी वरच्या बाजूला ड्रिल घातलं आणि आरपार काढलं. तेवढ्यात भिंगरीचे आजोबा आले. त्यांना सगळं घर नाना म्हणतं. नानांनी शांतपणे विचारलं, "आणि दरवाजा वर गेला की सायकल कुठे जाणार? सूनबाईच्या डोक्यावर?"

बाबांनी ड्रिल खाली ठेवलं. आई इतकी हसली, की तिला भिंतीला टेकावं लागलं. नानांनी बाटलीचं एक बूच तासून त्या भोकात बसवलं. पुढे कित्येक दिवस बाबा काही दुरुस्त करायला निघाले, की आई म्हणायची, "अहो, आधी सायकल कुठे जाणार ते ठरवा." मला मात्र त्या भोकाची फार लाज वाटायची. अंगभर गुळगुळीत रंग आणि छातीवर बूच. शोभतं का?

दिवस गेले. माझं कौतुक संपलं. चाकांना तेल मिळेना. मी करकर करायला लागलो, तर बाबा म्हणायचे, "म्हातारा झालाय, करू दे." स्प्रिंगवर गंज चढला तो कुणालाच दिसला नाही. वर मान करून कोण बघतं?

आणि तो दिवस उजाडला. त्या सकाळी कंकणाकृती ग्रहण होतं, म्हणजे चंद्र सूर्याच्या मधोमध येतो आणि कडेने प्रकाशाचं कडं उरतं. असं ग्रहण नानांच्या तरुणपणीही आलं होतं. नाना तेव्हा बेकरीत भट्टीवर होते. सगळे कामगार रस्त्यावर धावले. नाना जाऊ शकले नाहीत, भट्टीत पाव होते. बाहेर लोकांचा गलका झाला, मग एकदम शांतता, आणि नाना आत पाव उलटत उभे. "पाव चांगले झाले होते," एवढंच ते सांगायचे.

म्हणून या वेळी नानांना ते कडं दाखवायचंच, असा भिंगरीने चंग बांधला होता. तिच्या शाळेच्या मैदानावर सर दुर्बिणीतून सूर्य कागदावर पाडून दाखवणार होते. सूर्याकडे नुसतं बघायचं नसतंच, आणि नानांच्या डोळ्यांचं तर ऑपरेशन झालेलं. पण कागदावरचा सूर्य बघायला काय हरकत? नानांचे गुडघे कुरकुरतात, म्हणून गाडीने जायचं. आणि गाडी माझ्या मागे.

सगळे न्याहारी करत होते तेव्हा माझ्या डोक्यावर धाड्कन आवाज झाला. मी नखशिखान्त हादरलो. छातीतलं बूच टुणकन उडून गाडीखाली गेलं. स्वयंपाकघरातून आईचा आवाज आला, "मांजर पडली वाटतं भांड्यांवर."

थोड्या वेळाने सगळे तयार होऊन गॅरेजमध्ये आले. नाना कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून. बाबांनी बटण दाबलं. मोटर कण्हली, मी चार बोटं वर गेलो आणि धप्पकन बसलो.

"रिमोटचे सेल गेले," बाबा म्हणाले.

"सेल गेले असते तर तो कण्हला कसा?" आई म्हणाली.

बाबांनी तरीही सेल बदलले. मग भिंतीवरचं बटण दाबून पाहिलं. भिंगरीने खाली वाकून रुळांत काही अडकलंय का ते पाहिलं. कोळ्याची जाळी निघाली, बाकी काही नाही. मग बाबांनी लाल दोरी ओढून मला मोटरपासून सोडवलं आणि हातांनी उचलायला लागले. मित्रांनो, वीज गेली की हाच माणूस मला एका हाताने वर ढकलायचा. आता त्याच्या मानेच्या शिरा ताणल्या, तरी मी हलेना.

आईने टॉर्च वर मारला. "हे बघा. स्प्रिंगचे दोन तुकडे झालेत."

तेव्हा मला कळलं, आणि मी थक्क झालो. इतकी वर्षं माझं सगळं वजन तिने पेललं होतं. मोटर नुसतं बोट लावत होती आणि मी नुसता मिरवत होतो.

बाबांनी मेकॅनिकला फोन लावला. पलीकडून आवाज आला, "उचलू नका. निसटला तर पाय जाईल. मेन स्विच बंद करा आणि लांब राहा. मी दुपारी येतो." आईने टॅक्सीवाल्याला विचारलं. तो म्हणाला, "ताई, मी ग्रहण बघतोय. संपलं की निघतो." शेजारी तर केव्हाच मैदानावर पोहोचले होते.

नाना मागच्या भिंतीपाशी जुन्या खुर्चीत बसले. "राहू दे गं. तेव्हा भट्टी आडवी आली, आता दरवाजा. माझ्या नशिबात नाही ते कडं."

मला वाटलं, गंजून जागच्या जागी विरघळून जावं.

बाबांनी मेन स्विच पाडला. ट्यूबलाइट विझली, गुडुप अंधार झाला. आणि भिंगरी हळूच म्हणाली, "नाना, तुमच्या खिशावर काय आहे?"

नानांच्या पांढऱ्या शर्टावर, खिशाच्या जरा वर, छोट्या लिंबाएवढा उजेड पडला होता. पण गोल नव्हता. कुणीतरी घास घेतल्यासारखी त्याची एक बाजू गायब होती.

"सूर्य आहे," भिंगरी म्हणाली. "भोकातून आलाय. उलटा दिसतोय, पण तोच आहे. आई, स्वयंपाकघराचं दार लाव. बाबा, तुमच्या शर्टच्या खोक्यातला पांढरा पुठ्ठा आणा, पळा."

पुठ्ठा नानांच्या हातात दिला. ते तो छातीपाशी धरून बसले. घास मोठा मोठा होत गेला. सूर्याची कोर झाली, कोरीची टोकं वाढत वाढत एकमेकांकडे निघाली. बाहेर पाखरं गप्प झाली. माझा उन्हाने तापलेला पत्रा गार पडत चालला. आणि मग, मित्रांनो, ती टोकं जुळली. नानांच्या हातात प्रकाशाचं एक पूर्ण कडं होतं.

कुठे तो सूर्य, कुठे तो चंद्र, आणि ते दोघं माझ्या छातीच्या एवढ्याशा भोकातून एका म्हाताऱ्या पावभट्टीवाल्याला भेटायला आत आले होते. मी उघडलो असतो, तर गॅरेज उजेडाने भरलं असतं आणि हे काहीच दिसलं नसतं.

कडं तुटलं तेव्हा नाना म्हणाले, "पावाच्या कडेएवढंच होतं की गं. पण किती देखणं."

बाबा म्हणाले, "म्हणजे माझं भोक..."

"सायकल अजून टांगायची नाहीये," आई म्हणाली.

दुपारी मेकॅनिक आला. त्याने नवी स्प्रिंग चढवली, चाकांना तेल दिलं. माझं भोक बघून म्हणाला, "हे बुजवून टाकतो. पावसाचं पाणी येईल."

"हात लावायचा नाही," नाना म्हणाले. "पाऊस आला की बूच लावू."

ते बूच आता दोरीने माझ्या शेजारी टांगलंय. मित्रांनो, तुमच्याकडे माझा एखादा भाऊबंद असेल, तर त्याच्या डोक्यावरच्या स्प्रिंगकडे अधूनमधून मान वर करून बघा. गंज दिसला तर मोठ्या माणसांना सांगा, तेल द्यायला लावा. ती स्वतःहून कुरकुरणार नाही. आणि कुणाच्या अंगावर भोक दिसलं, तर हसण्याआधी जरा अंधार करून बघा.

नाना रोज सकाळी येतात. दिवा न लावता खुर्चीत बसतात, आणि ढग नसले तर तळहात पुढे धरतात. मी बंद राहतो. सूर्य आत येतो आणि त्यांच्या हातावर बसतो.