तुलनेसाठी ठेवलेली पट्टी

मी ग्रॅफीनची पट्टी बोलतेय. नाव भारदस्त असलं तरी जात तुमच्या पेन्सिलीतल्या शिशाचीच. त्या शिशात कार्बनचे थरावर थर असतात. ते सुटे केले की प्रत्येक थर म्हणजे ग्रॅफीन. आमच्यातून वीज सुळकन पळते, अशी आमच्या कुळाची ख्याती.

थर सुटे करायला ताईनं आम्हाला कडक आम्लात भिजवलं. ताई म्हणजे आमची संशोधक. प्रयोगशाळेत सगळे तिला ताईच म्हणतात. मग सुट्या थरांची एक पट्टी करून ती तापवली. आगीतून फुफाट्यात! आम्लामुळे चिकटलेला ऑक्सिजन जाता जाता आमचा कार्बनही घेऊन गेला आणि अंगभर भोकं पडली. भोकांपाशी वीज अडखळायला लागली.

तरी मी कुरकुरले नाही, कारण ताई ती भोकं बुजवणार होती. तापलेल्या भट्टीत अल्कोहोलची वाफ सोडायची, म्हणजे वाफेतला कार्बन भोकांत जाऊन बसतो, अशी तिची युक्ती. तिनं पट्टीचे दोन तुकडे केले, एक माझी बहीण आणि एक मी. बहीण भट्टीत गेली. मला चिमट्यानं डबीत ठेवताना ताई म्हणाली, "तू थांब हं शहाणे, तुझं काम नंतर."

नंतर म्हणजे नंतर दुरुस्ती, असं मी भाबडेपणानं धरून चालले. डबीत पडल्या पडल्या मी मनातल्या मनात धडधाकट झालेसुद्धा.

बहीण बाहेर आली, तिच्यातून वीज सोडून पाहिली आणि ताईचा चेहरा पडला. सुधारणा होती, पण नखाएवढी. प्रयोगशाळेचे प्रमुख सर म्हणाले, "एवढ्याशा फरकावर कोण विश्वास ठेवणार? पैसे देणारे पाहुणे उद्या येतायत."

सर गेल्यावर ताईनं घरी फोन लावला. "आई, उद्या जमलं नाही तर माझी जागा जाते गं. बाबांना काय तोंड दाखवू?" मला तिची फार कीव आली. आता त्या कीवेचाच राग येतो.

भट्टी सांभाळणारे काका डोकावले. "ताई, भट्टी गरम आहे. ही दुसरीपण टाकू का?"

माझा जीव डबीत मावेना.

"नको, नको काका! हिला बरी करून कसं चालेल? ही अशी आहे म्हणून तर ती बरी झालेली दिसणार!"

तेव्हा कळलं. एकीवर उपचार करायचे आणि एकीला तुलनेसाठी तशीच ठेवायचं, ही यांची रीतच आहे. रीत चुकीची आहे असं मी म्हणत नाही. मला आधी सांगितलं असतं तर मी आनंदानं तशीच राहिले असते.

पण ताईनं मला तशीही ठेवलं नाही. काका गेल्यावर तिनं डबी उघडली. वेडी मी! वाटलं, हिचं मन बदललं. तिनं मला उचललं आणि पुन्हा आम्लात सोडलं. "एकदाच गं," ती पुटपुटली. जुनी भोकं रुंदावली, नवी पडली. जिच्यावर जीव टाकला, तिनंच केसानं गळा कापला.

दुसऱ्या दिवशी सभागृहात आम्हा बहिणींचे सूक्ष्मदर्शकातून काढलेले फोटो पडद्यावर शेजारी शेजारी झळकले. फरक आंधळ्यालाही दिसला असता. मला डबीसकट हातोहात फिरवलं. ताई खणखणीत आवाजात म्हणाली, "दोन्ही एकाच पट्टीचे तुकडे आहेत. पहिलीवर उपचार केले, दुसरीला हातही लावलेला नाही." टाळ्या पडल्या. ताईची जागाही राहिली.

बहीण आता कुठल्याशा यंत्रात कामाला लागली आहे. मी खणात पडून आहे, आणि ताई तो खण उघडत नाही.

आमचा फोटो कुठे दिसलाच, तर बहिणीचं कौतुक जरूर करा, ती खरंच थोडी बरी झाली होती. पण माझ्याकडेही नीट बघा. त्यातली निम्मी भोकं मला ताईनं पाडली आहेत.