मशीनला मुंग्या

मी एक जुना मेन स्विच आहे. खालापूरच्या नाक्यावर सुनंदाताईंचं मसाला कांडप आहे. तिथे दाराशेजारी माझी लोखंडी पेटी बसवलेली आहे. मित्रांनो, माझं काम साधं. दांडा वर केला की वीज आत येते, खाली ओढला की थांबते. माझ्या पोटात फ्यूजची बारीक तार असते. भार झेपेनासा झाला की ती वितळते आणि अनर्थ टळतो. तसं झालं की ताई म्हणायच्या, "बरं झालं, यानं वाचवलं." मला फार बरं वाटायचं.

पुढे ताईंनी शेजारचा गाळा घेतला, मोठी मशीन आणली आणि वायरिंगचं काम रूपेश नावाच्या ठेकेदाराला दिलं. त्याने हलक्या वायरी छतामागून ओढल्या. मशीनच्या पत्र्यात उतरलेली वीज जमिनीत नेणारी अर्थिंगची वायर पुरायची असते, ती भिंतीमागे तशीच लोंबकळत सोडली. नवी मशीन सुरू होताच माझी तार वितळली. पुन्हा घातली, पुन्हा वितळली. तेव्हा वैतागून त्याने माझ्या पोटात तांब्याची जाड तार पिळून बसवली आणि वरून मला चकचकीत रंग दिला. मी नावाचाच राखणदार उरलो.

तेव्हापासून मला भीती वाटू लागली. छतामागे वायरी तापायच्या, त्यांचं प्लास्टिक मऊ व्हायचं. पण मिरच्यांच्या खकाण्यात तो जळका वास कोणाला कळणार?

एकदा वाडीवरून कामाला येणारी ठमी म्हणाली, "ताई, मशीनला मुंग्या हायत. हात लावला की झिणझिणतंय." ताईंनी रूपेशला फोन केला. नवीन काम आहे, बायकांना चप्पल घालायला सांगा, काही होत नाही, असं तो म्हणाला. सणाची गर्दी होती. ताईंनी ते मानलं.

दुसऱ्या दिवशी लादी ओली होती. ठमीने मशीनवर हात ठेवला आणि तो निघेचना. तिच्या तोंडून आवाज फुटेना. वीज माझ्यातूनच जात होती आणि मला आपणहून थांबता येत नव्हतं. शेजारी काम करणारी धोंडूबाई तिला ओढायला धावली.

"हात लावू नको गं!" म्हणत ताईंनी माझा दांडा खाली ओढला. ठमी कोसळली. बराच वेळ ती हललीच नाही. मग तिने पाणी मागितलं. तिचा तळहात भाजला होता, पण जीव वाचला.

रूपेश आला. लादी ओली होती म्हणून झालं, असं सांगून त्याने मला पुन्हा चालू केलं. ताई शांतपणे म्हणाल्या, "चप्पल काढ आणि मशीनला हात लाव. मग मी बायकांना कामाला बोलावते."

रूपेशने हात पुढे केला. मध्येच थांबला आणि हळूच मागे घेतला. ताईंनी मला बंद केलं.

सणाच्या तोंडावर कांडप बंद राहिलं. ताईंनी कर्जतच्या छायाताईंना बोलावलं, त्या परवाना असलेल्या इलेक्ट्रिशियन. त्यांनी छत उघडलं तेव्हा काळवंडलेल्या वायरी खाली लोंबल्या. त्यांनी सगळं नव्याने केलं, माझ्या पोटातली जाड तारही काढली. रूपेश बाजूला उभा राहून पाहत होता. म्हणाला, "सगळीकडं आपलं असंच काम हाय." म्हणजे त्याने वायरिंग केलेल्या आणखी किती पेट्यांत अशीच जाड तार असेल?

मित्रांनो, आम्हाला ओरडता येत नाही. कुठे बटणाला मुंग्या आल्या, भिंत गरम लागली, तर गप्प राहू नका. मोठ्यांना सांगा, त्यांनी ऐकेपर्यंत सांगा.

ठमी आता कामावर येते. मशीन सुरक्षित आहे, हे तिला ठाऊक आहे. तरी हात पुढे करून ती क्षणभर थांबते. तिची ती भीती छायाताईंनाही दुरुस्त करता आली नाही.